तपकिरी टोपीवाली

बुधवार, ६ सप्टेंबर १९११. न्यू हाइलब्रॉन, ओहायो

ही वही छापखान्यातली. आमच्या ‘बीकन’ साप्ताहिकाच्या वर्गणीदारांची नावं लिहायला ह्यांनी आणली होती. चाळीस पानं भरली आणि पुढे नावंच संपली. उरलेली कोरी पानं वाया का घालवायची? घरखर्चाची वही वेगळी आहे, तिच्यात मनातलं लिहिता येत नाही.

आज हे जेवायला आले ते टोपी डोक्यावर ठेवूनच बसले.

“टिली, आपल्या गावाचा फुटबॉलचा संघ होतोय. पगारी! अर्धे विटांच्या भट्टीवरचे, अर्धे बाहेरून आणायचे. चिटणीस मी.”

“चिटणिसानं काय करायचं?”

“लोकांना यायला लावायचं.”

म्हणजे पेपरात लिहायचं. मला वाटलं होतं चेंडू लाथाडायचा खेळ असेल. तसं फारसं नाही. एकाने चेंडू पोटाशी धरून पळायचं आणि समोरच्या अकरा जणांनी त्याला लोळवायचं. मिठाची कुपी, बावीस शेंगा आणि एक काटा घेऊन ह्यांनी सगळा खेळ टेबलावर मांडून दाखवला. सूप गार झालं.

मी विचारलं, “तो पडल्यावरसुद्धा बाकीचे त्याच्या अंगावर का पडतात? आता तो कुठे पळून जाणार आहे?”

हे इतके हसले की ठसका लागला. मग कानावरची पेन्सिल काढून शर्टाच्या कफावर काहीतरी खरडलं.

“कफावर लिहू नका. धुवायला मला लागतं.”

वीस वर्षं सांगते आहे.

रविवार, २४ सप्टेंबर

रेव्हरंड आऊल्टांचं प्रवचन आज लांबलं. मी एक पेपरमिंट दातांनी दोन करते, अर्धं पहिल्या प्रार्थनेला, अर्धं प्रवचनाला. आज दुसरं अर्धं संपून गेलं तरी ते बोलतच होते. हे माझ्या शेजारी बसून गुडघा हलवत होते. आशीर्वाद संपला तसे मागच्या दाराने पळाले.

पाच वाजता परत आले. गुडघ्यापर्यंत चिखल. संघ जिंकला, तरी तोंड उतरलेलं.

“साडेतीनशे पुरुष आले, टिली, आणि बाई एकही नाही. बायका नसल्या की हा कोंबड्यांच्या झुंजीचा अड्डा होतो. शिव्या काय, थुंकणं काय! महिन्याभरात चर्चवाले बंद पाडतील. एक चांगली बाई दोरीजवळ उभी राहिली ना, तर दहा येतील.” मग म्हणाले, “तू येशील? एकदाच?”

“रविवारी?”

“प्रार्थना झाल्यावर. खेळ अडीचला असतो.”

“लोक काय म्हणतील ते तुम्ही बघा. देव काय म्हणेल ते मला बघू द्या.”

ह्यांनी मांडीवरच्या रुमालाची चौघडी घालून ताटाशेजारी ठेवली आणि उठले. मी बोलले ते बरोबरच बोलले. पण ती चौघडी सारखी डोळ्यांपुढे येते.

गुरुवार, २८ सप्टेंबर

‘बीकन’ आला. शिवणाची मोजपट्टी हाताशी होती, म्हणून सहज लावून बघितली. फुटबॉलला साडेसतरा इंच. आमच्या महिला मंडळाच्या नासपतीच्या मुरंब्याला पावणेदोन.

त्या साडेसतरा इंचांत हे आहे, शब्दन् शब्द उतरवते:

“पस्तीस यार्डांच्या खुणेपाशी, दोरीला लागून, एक बाई उभ्या होत्या. तपकिरी टोपी, हातात प्रार्थनेचं पुस्तक; थेट चर्चमधून आल्या असाव्यात. त्यांच्या आसपासच्या दहा पावलांत संपूर्ण सामनाभर कोणी शिवी दिली नाही.”

पहिल्यांदा हसूच आलं. वाचकांच्या पत्रांतला ‘एक जुना वर्गणीदार’ हेच, ‘त्रस्त करदाता’ही हेच; रकाना भरला नाही की ह्यांच्या पेन्सिलीतून माणसं निघतात, हे मी नाही जाणत तर कोण जाणणार? पण ‘त्रस्त करदात्या’ला टोपी कधी नव्हती. ह्यांना टोप्या दिसतच नाहीत. वसंतात मी बैठकीच्या खोलीचे पडदे बदलले, निळ्याचे हिरवे केले. ऑगस्टमध्ये विचारलं, पडद्यांचा रंग कोणता? म्हणाले, “पडदे आहेत आपल्याकडे?”

असा माणूस टोपीचा रंग मनानं रचेल? ती बाई खरीच आहे.

पण रविवारी तर म्हणाले, एकही नव्हती.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

आजचा ‘बीकन’ उतरवते.

“तपकिरी टोपीवाल्या बाई याही रविवारी आल्या. ड्वायरला पाडून त्याच्या अंगावर सातजण पडले तेव्हा त्यांनी विचारलं, ‘तो पडल्यावरसुद्धा बाकीचे का पडतात? आता तो कुठे पळून जाणार आहे?’ या प्रश्नाला नियमांच्या पुस्तकात उत्तर नाही.”

माझा प्रश्न! माझ्या टेबलावर, माझ्या मिठाच्या कुपीसमोर विचारलेला! घरात बायको काय बोलली ते हे तिला नेऊन सांगतात, आणि ती बया तो आपला म्हणून गावापुढे मिरवते. वर हे त्याचं कौतुक छापतात. खाली आणखी एक वाक्य आहे: “बाईंनी एका पेपरमिंटचे दोन भाग केले होते, एक पूर्वार्धासाठी, एक उत्तरार्धासाठी.”

म्हणजे ती आमच्याच चर्चमध्ये येते. माझ्या मागे बसते आणि मी काय करते ते बघते. आणि तेच मी वीस वर्षं ह्यांच्या खांद्याला खांदा लावून करते आहे, तेव्हा ह्यांना दिसलं नाही. तिने केलं तर पेपरात!

परमेश्वरा, मला मत्सरापासून दूर ठेव. पण ती कोण ते आधी कळू दे.

रविवार, ८ ऑक्टोबर

कळलं. इडा लाँगेनेकर.

ऑर्गन वाजवते, पस्तिशीची आहे, लग्न झालेलं नाही. ऑर्गनवर आरसा आहे, त्यातून तिला आमचा बाक सरळ दिसतो. आणि आज ती नवी तपकिरी टोपी घालून आली होती! बाहेर पडताना माझ्याकडे बघून हसली, वर म्हणते, “आज येणार ना, मिसेस ट्रेक्सलर?”

“कुठे?”

“इश्श! कुठे म्हणे!” आणि खेळाच्या मैदानाच्या दिशेने मान उडवली.

धीटपणा बघावा. शनिवारी मंडळाचं जेवण आहे. इडाला केकच्या टेबलावरून काढून भांडी विसळायला लावलं आहे.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

फुटबॉल एकतीस इंच. चर्च दोन.

क्राउसबाईंच्या टोप्यांच्या दुकानावरून जात होते. काचेत नऊ टोप्या, नऊच्या नऊ तपकिरी. क्राउसबाई दारातच उभ्या.

“काय सांगू, मिसेस ट्रेक्सलर! तुमच्या मिस्टरांनी माझा हंगाम करून दिला. मैदानावर गेल्या खेपेला साठ बायका होत्या. साठ! शेरीफची बायको घेऊन गेली, दंतवैद्याची घेऊन गेली.”

“मला बघू द्या एक,” मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं आणि खळखळून हसल्या. “तुम्हाला? तुम्हाला कशाला लागतेय हो!”

मला टोपी परवडत नाही हे तोंडावर सांगायची ही तऱ्हा. माझी काळी टोपी आईच्या अंत्यविधीला घेतली, आता तिला सात वर्षं झाली. रिबन दोनदा बदलली, पण टोपी आहे तशीच आहे. कोण्या ऐऱ्यागैऱ्याचं बघून मी टोपी बदलणार नाही.

संध्याकाळी विचारलंच.

“कोण आहे ती?”

“कोण?”

“तपकिरी टोपीवाली.”

ह्यांच्या हातातला चमचा तसाच राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “तुला... तुला काय वाटतं तिच्याबद्दल?”

“वाटायचंय काय? देवाचं पुस्तक हातात घेऊन पुरुषांची लोळणफुगडी बघायला उभी राहणारी बाई. निर्लज्ज आहे.”

ह्यांनी चमचा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, “तशी नाही ती. थोडी कडक आहे. पण फार चांगली आहे, टिली.”

बावीस शेंगांसारखी मला टेबलावर पसरून टाकली असती तरी इतकं लागलं नसतं. फार चांगली आहे! मला असं कधी म्हणाले ते मी आठवून बघितलं. आठवलं नाही.

सोमवार, २३ ऑक्टोबर

रेव्हरंड आऊल्ट घरी आले. रविवारचा फुटबॉल बंद करावा म्हणून नगर समितीकडे अर्ज द्यायचा आहे, गावातल्या बायकांच्या सह्यांचा. पुरुषांच्या सह्यांना कोणी विचारत नाही, म्हणाले, पण दीडशे आया उभ्या राहिल्या की समितीला नाही म्हणता येणार नाही. घरोघर कोण फिरणार? मागच्या महिन्यात विचारलं तेव्हा मी, यजमान संपादक आहेत, मला जरा अवघड आहे, असं म्हणाले होते.

आज म्हटलं, “द्या इकडे.”

“पहिली ओळ तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे,” ते म्हणाले. “नगर समिती पहिलं नाव बघते.”

शुक्रवार, १० नोव्हेंबर

एकशे बारा सह्या. पायाला फोड आले आहेत. पहिली ओळ अजून मोकळी आहे. शाई चांगली वाळेल अशा दिवशी घालीन.

हे सगळं जाणतात. काल ‘बीकन’मध्ये अर्जाची बातमी स्वतः खिळे जुळवून छापली, साडेतीन इंच, एकही वाकडा शब्द नाही. रात्रीचं ताट वाढताना मी म्हटलं, “समितीने अर्ज मान्य केला तर?”

“तर संघ संपला. ड्वायर पिट्सबर्गला परत जाईल, भट्टीवाले हात काढून घेतील.” मग म्हणाले, “तुझं नाव आहे का वर?”

“अजून नाही.”

मान हलवली. भांडले असते तर बरं झालं असतं.

आणि तरीही, तरीही काल त्या बातमीच्या शेजारच्याच रकान्यात ती आहे! “थंडी वाढली. तपकिरी टोपीवाल्या बाई हातमोजे घालून आल्या होत्या. उजव्या अंगठ्याला रफू, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, पण टाके इतके बारीक की तो रंग मुद्दामच निवडलाय असं वाटावं. चौथ्या मिनिटाला त्या हसल्या. हे हसणं ज्याने आधी ऐकलं आहे त्याला ते पुन्हा ऐकण्यासाठी बराच काळ थांबावं लागलं होतं.”

बराच काळ थांबावं लागलं! अर्ध्या गावाचे हातमोजे रफू केलेले आहेत, माझेही आहेत. माझेही टाके बारीक आहेत. तिच्यापेक्षा बारीक असतील.

इडाचे हातमोजे मी मुद्दाम बघितले. नवे कोरे आहेत. मग आणखी कोण?

रविवार, १९ नोव्हेंबर

संघ बाहेरगावी खेळायला गेला. घरात एकटीच होते. आरशासमोर उभी राहून हसून बघितलं. आवाज बरा येत नाही. सवय राहिली नाही.

शनिवार, २५ नोव्हेंबर

एकशे त्रेचाळीस. मंगळवारी समितीची बैठक. उद्या शेवटचा सामना.

ठरवलं आहे. उद्या प्रार्थना झाल्यावर मी मैदानावर जाणार. खेळ बघायला नव्हे. ती पस्तीसच्या खुणेपाशी उभी असेल, तिच्यासमोर अर्ज धरीन आणि सगळ्या गावापुढे म्हणेन, “एवढी चांगली आहेस ना? मग कर पहिली सही.” पहिली ओळ तिच्यासाठीच मोकळी राहिली असावी. देवाला हे सांगून ठेवलं आहे.

रविवार, २६ नोव्हेंबर

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिणार नाही.

वारा बोचरा होता. एका हातात प्रार्थनेचं पुस्तक, दुसऱ्या हाताखाली पिशवीत अर्ज. दारावर तिकिटं घ्यायला भट्टीचा मुकादम श्वाब, आमच्या चर्चमध्ये खालच्या पट्टीत गातो तो. मला बघून त्याने तिकिटांची पेटीच बंद केली.

“आलात एकदाच्या! तुम्हाला कसलं तिकीट? तुमची जागा धरून ठेवलीय आम्ही.”

“माझी जागा?”

“पस्तीसची खूण. ए, वाट द्या बाईंना!”

वाट झाली. दोरीच्या कडेने तपकिरी टोप्याच टोप्या, शंभर तरी असतील, आणि मध्ये दोन हात रुंद मोकळी जागा. तिथे फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलेली एक वीट. इडा लाँगेनेकर तिच्याशेजारी उभी.

“भट्टीतून गरम करून आणते दर वेळी,” ती म्हणाली. “सहा सामने झाले. गार होते, परत नेते. आम्हाला वाटलं तुम्ही आता येतच नाही. भांडी विसळायला लावलंत तेव्हा म्हटलं, माझं काही चुकलं असेल.”

“ती कुठाय?” मी विचारलं. “तपकिरी टोपीवाली?”

“म्हणजे?”

“खरी. पेपरातली.”

इडाने क्राउसबाईंकडे बघितलं, क्राउसबाईंनी शेरीफच्या बायकोकडे. सगळ्या एकदम हसल्या, पण वाईट नाही. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि एक टोपी दोरीवरून उडून खेळणाऱ्यांच्या पायांत गेली. शिट्टी वाजली. ड्वायर नावाचा तो आडदांड इसम ती दोन बोटांत धरून घेऊन आला. नाकातून रक्त येत होतं त्याच्या.

“ही तपकिरी कुणाची?”

शंभर हात शंभर डोक्यांवर गेले. सगळ्या टोप्या जागेवर होत्या.

“माझी काळी आहे,” मी म्हटलं, आणि माझ्या कानांना वारा लागला.

इडाने टोपी घेतली, झटकली, आपल्या नव्या टोपीशेजारी धरली. लख्ख ऊन होतं. एकच रंग. सात वर्षांत विटून माझीच जरा जास्त तपकिरी.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “हीच बघून तर घेतल्या आम्ही.”

वीट होती म्हणून बरं. मी बसले.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. मला त्या बाईचा जास्तच राग आला. मी ओव्हनपाशी उभी होते आणि ती सहा सामने इथे होती, ह्यांच्याजवळ. तिने विचारलं, ह्यांनी ऐकलं. तिचे टाके ह्यांनी मोजले. ती हसली. माझी टोपी, माझे हातमोजे, माझं पेपरमिंट घेऊन ती सगळा शरद ऋतू माझ्या नवऱ्याबरोबर राहिली, आणि मी तिच्याविरुद्ध सह्या गोळा करत फिरले.

हे दोरीच्या आतून पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून येत होते, “न्यू हाइलब्रॉनकडे चेंडू, तिसरा प्रयत्न...” पस्तीसच्या खुणेपाशी आले आणि कर्णा खाली गेला.

“टिली.”

सगळ्या बायका आभाळाकडे बघू लागल्या.

समोर ढीग पडला होता. वरून अजून दोघे येऊन पडले.

“चेंडू कुठाय?” मी विचारलं.

“त्या सगळ्यांच्या खाली.”

“मग वरच्यांना ते माहीत नाही का?”

ह्यांनी कानावरची पेन्सिल काढली. कफ पुढे ओढला. माझ्याकडे बघून थांबले.

“लिहा,” मी म्हटलं.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

काल अर्ज रेव्हरंड आऊल्टांना परत दिला. एकशे त्रेचाळीस नावं, एकही खोडलं नाही. ज्यांनी दिली त्यांची ती आहेत. पहिली ओळ मोकळी.

“तुमची सही?” त्यांनी विचारलं.

“मला करता येणार नाही. मी तिथे उभी होते.”

“एकदाच ना?”

“पेपरात सहा वेळा आलंय,” मी म्हटलं.

त्यांनी अर्जाची घडी घातली. त्यांच्या मते हे पाप आहे. माझंही मत अजून पुरतं बदललेलं नाही, रोज रात्रीच्या प्रार्थनेत तेवढं सांगते. आज समितीत कोणीतरी विचारलं म्हणे, पहिली ओळ कोरी का? तेवढ्यावरून अर्ज वसंतापर्यंत बाजूला ठेवला आहे.

गुरुवार, ३० नोव्हेंबर. आभारदिन

कोंबडी, आंबवलेला कोबी, भोपळ्याची गोड पाई. देवाचे आभार मानले.

‘बीकन’ ह्यांनी स्वतः आणून टेबलावर ठेवला आणि मिठाची कुपी इकडची तिकडे करत बसले. मी मोजपट्टी घेतली. लपवली नाही.

फुटबॉल चौतीस इंच. शेवटी हे:

“तपकिरी टोपीवाल्या बाई शेवटच्या सामन्याला दिसल्या नाहीत. त्यांच्या जागी संपादकाच्या पत्नी उभ्या होत्या. टोपी काळी.”

मी दोनदा वाचलं.

“टोपी काळी?” मी विचारलं.

“काळीच आहे ना?” हे कुपीकडे बघत म्हणाले.

“काळीच आहे.”

जेवून झाल्यावर मागचे सगळे अंक काढून हिशेब केला. त्या बाईला ह्यांनी एकंदर एकोणीस इंच दिले. मला अर्धा.

पुढचा हंगाम सप्टेंबरात आहे. बघू.